‘माहीत नाही’चा रकाना

खडकमाळ, ता. पारनेर
२६ नोव्हेंबर १९९५

आप्पा,

जयभीम. कितीही रागात असलात तरी याला उत्तर द्यावंच लागेल तुम्हाला, मनातल्या मनात का होईना.

तुम्ही पाठवलेलं पाकीट मिळालं. आत वर्तमानपत्राचं कात्रण आणि त्याच्या कडेला तुमच्या अक्षरात एकच ओळ, ‘मी तुला हे शिकवलं नव्हतं.’

आधी बातमीचं सांगते. ‘खडकमाळच्या शिक्षिकेने पाहिली उडती तबकडी’ हे वाक्य माझं नाही. तबकडी हा शब्द मी उच्चारलेलाच नाही. मी वार्ताहराला जे सांगितलं ते असं: सोळा तारखेला, गुरुवारी, संध्याकाळी सात वाजून वीस मिनिटांनी मी शाळेच्या ओट्यावर बसले होते. उत्तरेला डोंगराच्या थोडा वर एक नारिंगी दिवा दिसला. शुक्रापेक्षा मोठा. झेंड्याच्या खांबाशी लावून पाहिला, तर सहा मिनिटं जागचा हलला नाही. मग सावकाश पश्चिमेकडे सरकला, पुन्हा थांबला, आणि सरळ वर जात जात बारीक होऊन दिसेनासा झाला. आवाज नाही, लुकलुक नाही, धूर नाही.

ते काय होतं, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, माहीत नाही. त्यानं माझ्या दोन शब्दांची तबकडी केली.

तुमच्या लेकाच्या, प्रशांतच्या पत्रावरून कळलं की तुम्ही घरी सांगताय, पोरीनं उपग्रह बघितला आणि बावचळली. आप्पा, उपग्रह मला ओळखू येतो. ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेपासून मी रोज संध्याकाळी वही घेऊन बसते. तारीख, वेळ, कुठून कुठे, लुकलुक, आवाज, किती वेळ दिसला, आणि शेवटचा रकाना ‘काय’. विमानाचे दिवे लुकलुकतात आणि मागून घरघर येते. उल्का बघता बघता संपते. शुक्र जागेवर राहतो आणि वेळेवर मावळतो. उपग्रह दिसतो ताऱ्यासारखा, पण एका चालीनं चालतो, चार-पाच मिनिटांत आभाळ ओलांडतो. कधी कधी भर आभाळात विझतो, कारण त्याचा उजेड त्याचा नाहीच. आपल्याकडे सूर्य बुडाला तरी तिकडे वर त्याच्या अंगावर ऊन असतं. पृथ्वीच्या सावलीत शिरला की गेला. म्हणून तो दिवेलागणीनंतर दीड-दोन तास दिसतो, नाहीतर पहाटे. तो वाटेत थांबत नाही आणि वळत नाही. सोळा तारखेचा थांबलाही आणि वळलाही.

तुम्ही म्हणाल, लष्कराच्या सरावातला दिवा असेल. नगरला गच्चीवर नेऊन ते दिवे तुम्हीच मला दाखवलेत. ते छत्रीला लटकून खाली येतात. हा वर गेला.

सप्टेंबरात सगळा देश गणपतीला दूध पाजत होता तेव्हा मी वर्गात चमचा आणि बशी घेऊन पोरांना ते दूध कुठे जातं ते दाखवलं. तुम्ही ही गोष्ट तुमच्या वर्कशॉपमधल्या सगळ्या जुन्या लोकांना सांगत फिरलात. तेव्हा मी तुमची होते. मला जे दिसलं ते मी सांगितलं, तेव्हाही आणि आताही. छप्पन साली तुम्ही घरातले देव पाटीत भरून ओढ्यात सोडलेत ते न दिसलेल्याला दिसलं म्हणायला लागू नये म्हणूनच ना? मग दिसलेल्याला दिसलं नाही असं मी का म्हणू?

बातमीचा खुलासा पाठवलाय. छापतील असं वाटत नाही. पण ‘माहीत नाही’ हे शब्द मी मागे घेणार नाही.

आईला सांगा, स्वेटर मिळाला.

जयमाला


खडकमाळ
१७ डिसेंबर १९९५

आप्पा,

तुमचं उत्तर नाही. तरी लिहिते, कारण मागच्या पत्रात मी एक गोष्ट लपवली.

वार्ताहरानं विचारलं होतं, दिवा नेमका कुठे? मी म्हटलं, झुंबरबाईच्या घरामागच्या डोंगरावर. दिशा सांगायला काहीतरी खूण लागते आणि त्या बाजूला तेवढं एकच घर आहे. त्यानं तेही छापलं. तुमच्या कात्रणात शेवटून चौथी ओळ बघा.

झुंबरबाई ही गावची सुईण. साठीला आली, नवरा जाऊन वीस वर्षं झाली, मूल नाही, चार शेळ्या आहेत. माझ्या वर्गातली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मलेली.

दुसरा माणूस गोरक्षनाथ. पूर्वी टेम्पो चालवायचा. तीन वर्षांपूर्वी डोंगराच्या पायथ्याला मठी बांधून बसला. गुरुवारी लोक त्याला प्रश्न विचारायला जातात. या महिन्यात गावात दोन म्हशी मेल्या आणि छबूबाईच्या नातीला तापात झटके आले. छबूबाई माझ्या शेजारची, साधी बाई, घाबरून मठीत गेली. तिथे त्यानं माझी बातमी वाचून दाखवली. म्हणाला, झुंबरबाई डोंगरावर दिवा उतरवते, आणि दिवा ज्या घरावरून जातो तिथलं जनावर नाहीतर माणूस ओढून नेतो. पुरावा काय, तर शाळेच्या बाईंनी स्वतः पाहिलाय, बाई शिकलेल्या आहेत, आणि बाई खोटं बोलत नाहीत.

दोन वर्षं त्याच्या विरोधात बोलणाऱ्या मला त्यानं साक्षीदार करून टाकलं.

आता रोज तिन्हीसांजेला माणसं अंगणात येऊन वर बघतात. साधा उपग्रह गेला तरी कुणाच्या ना कुणाच्या घरावरून जातोच. मग त्या घरात रडारड. झुंबरबाईला हापशावर पाणी भरू देत नाहीत. ती शेळ्या घेऊन दीड कोस लांबच्या पाझर तलावावर जाते आणि तिथूनच हंडा आणते. परवा तिच्या पत्र्यावर दगड पडले. पौष अमावस्येच्या आत गाव सोड, असा निरोप तिला मिळालाय. ती अमावस्या वीस जानेवारीला आहे.

छबूबाईच्या नातीला मी पारनेरला दवाखान्यात नेलं. तापाचे झटके होते, आता पोरगी शाळेत येते. पण त्यानं गावात काही फरक पडला नाही.

झुंबरबाईकडे गेले आणि सगळं कबूल केलं. माझ्या तोंडून तिच्या घराचं नाव गेलं म्हणून हे झालं, असं सांगितलं. ती शेळ्यांपुढे बाभळीच्या शेंगा टाकत होती. म्हणाली, “तू न्हाई घेतलं आस्तं तर दुसऱ्या कुनी घेतलं आस्तं. येकट्या बाईचं घर लगीच दिसतं.” मग तिनं मला चहा केला. दुधाचा, कारण शेळ्यांचं दूध आता कुणी घेत नाही.

मी हे तुमच्याकडे मदत मागायला लिहीत नाही. माझ्या खरं बोलण्यानं काय झालं ते तुम्हाला दुसऱ्याकडून कळू नये म्हणून लिहितेय.

जयमाला


खडकमाळ
७ जानेवारी १९९६

आप्पा,

तुमचं कार्ड आलं. ‘गावासमोर सांग की तो उपग्रहच होता. ती बाई सुटेल. मग घरी ये.’

हेडमास्तरही हेच म्हणतात. प्रशांतही. तुम्ही सगळी सुज्ञ माणसं एका बाजूला आहात आणि तुमच्या म्हणण्यात दमही आहे. एक वाक्य बोलायचं, माझा हट्ट सोडायचा, एका म्हाताऱ्या बाईचं घर वाचेल. मी ते वाक्य मनात म्हणूनही पाहिलं. जिभेला जड नाही.

मग वाटलं, जिचं घर जायचंय तिला तरी विचारावं. काल गेले. तुमचं कार्ड तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “माज्यासाठी खोटं बोलू नगं. खोट्यानंच माजं पानी तोडलंय. त्येच्यात तुजं आनखी कशाला?”

तिला लिहिता-वाचता येत नाही, आप्पा. तुम्ही मला सातवीपर्यंत घरी गणित शिकवलंत.

तरी हातावर हात ठेवून बसलेले नाही. डिसेंबरात मी पुण्याच्या एका आकाशनिरीक्षण मंडळाला जोडकार्ड पाठवलं होतं. उत्तरासाठी जोडलेला त्याचा दुसरा अर्धा भाग मंगळवारी परत आला. ‘मीर’ नावाचं रशियन लोकांचं ठाणं पृथ्वीभोवती फिरतं, त्यात माणसं राहतात, आणि ते उपग्रहांत सगळ्यात ठळक दिसतं. नगर जिल्ह्यातून ते कधी दिसेल ते त्यांनी बारीक अक्षरात लिहून पाठवलंय. शुक्रवारी, बारा जानेवारीला, सात वाजून सतरा मिनिटांनी वायव्येकडून उगवेल आणि आग्नेयेकडे जाताना अर्ध्या आभाळात विझेल. माझ्या वहीतल्या जुन्या दोन नोंदी त्यांच्या गणिताशी ताडून पाहिल्या. जुळतात.

शाळेबाहेरच्या फळ्यावर मी लिहिलं: शुक्रवारी सायंकाळी सात वाजून सतरा मिनिटांनी एक दिवा येईल. तो कुणी उतरवणार नाही आणि तो कुणाला ओढणार नाही. सर्वांनी शाळेच्या मैदानात यावे. खाली माझं नाव. गोरक्षनाथला मठीत जाऊन वेगळं सांगून आले.

हेडमास्तर म्हणाले की ढग आले तर? गणित चुकलं तर? तर झुंबरबाईबरोबर मलाही बिस्तरा बांधावा लागेल. मी बत्तीस वर्षांची आहे, बिनलग्नाची आहे, एका खोलीत राहते. माझं सामान फार नाही.

जयमाला


खडकमाळ
१४ जानेवारी १९९६

आप्पा,

आभाळ स्वच्छ होतं.

दीडशे तरी माणूस जमलं होतं. बाया एका बाजूला, ओट्यावर म्हातारी माणसं. गोरक्षनाथसाठी कुणीतरी खुर्ची आणली होती. झुंबरबाई आली आणि कुंपणाशी लिंबाखाली उभी राहिली. तिच्या आसपास दहा पावलं रिकामी होती.

रेडिओच्या सातच्या ठोक्याला मी घड्याळ लावलं होतं. सात सतरा झाले. काही नाही. सात अठरा झाले. मागून कुणीतरी हसलं. वायव्येला डोंगर आडवा आहे आणि तो ओलांडून वर यायला दिव्याला वेळ लागणार, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. साडेअठरा झाले तेव्हा पाणी उपसायच्या पवनचक्कीच्या डावीकडून तो वर आला. पिवळसर पांढरा, ठसठशीत, कुठल्याही ताऱ्यापेक्षा तेजस्वी, आणि एका चालीनं.

मी मोठ्यानं सांगत होते: बघा, लुकलुकत नाही. ऐका, आवाज नाही. आत माणसं आहेत, आत्ता त्यांच्याकडे ऊन आहे. पोरं टाळ्या वाजवायला लागली. डोक्यावरून पुढे गेल्यावर मी म्हटलं, आता तो सावलीत शिरेल आणि विझेल. थोडा तांबूस झाला, आणि भर आभाळातच दिसेनासा झाला.

छबूबाई पुढे आली. तिनं विचारलं, “म्हंजी ह्यो झुंबरच्या घरावर उतरत न्हाई?”

मी म्हटलं, नाही. तो चारशे किलोमीटर उंचीवरून तुमच्या, माझ्या, तिच्या आणि मठीच्याही वरून गेला. उद्या सकाळी कुणाचीही म्हैस मेलेली नसेल.

मला वाटलं, संपलं. तेव्हा गोरक्षनाथ खुर्चीतून उठला. आवाज चढवला नाही त्यानं. हुशार माणूस आहे. म्हणाला, “बाई, ह्यो उपग्रह. मान्य हाय. कार्तिकात तुमी पाह्यला, पेपरात आला, त्यो बी उपग्रहच हुता का?”

आप्पा, तुमचं वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. व्हय म्हटलं असतं तर सगळे घरी गेले असते. मी झुंबरबाईकडे पाहिलं. तिनं काही खूण केली नाही, नुसती उभी होती.

मी म्हटलं, “नाही. तो उपग्रह नव्हता. तो काय होता मला माहीत नाही.”

तो हसला. म्हणाला, “मला म्हाईत हाय.”

“मला माहीत नाही म्हणून तुम्हाला माहीत आहे असं होत नाही,” मी म्हटलं. “माहीत असेल तर तो पुन्हा कधी येणार ते सांगा. तारीख, वेळ, दिशा. मी आत्ता फळ्यावर लिहिते. आज जमलो तसे सगळे जमू.”

मी त्याच्यापुढे खडू धरला. त्यानं घेतला नाही. शक्ती घड्याळावर चालत नाही, असं काहीतरी बोलला. मी म्हटलं, मग ती झुंबरबाईच्या बोलावण्यावर चालते हे कशावरून? ती इथंच आहे. सांगा तिला, उतरव म्हणावं.

झुंबरबाई लिंबाखालून दोन पावलं पुढे आली. इतक्या लोकांसमोर ती कधी बोलली नसेल. म्हणाली, “माज्या घरात चिमनीला राकील न्हाई. मला दिवा उतरवता आला आस्ता तर म्या रोज अंधारात भाकर केली आस्ती व्हय?”

आधी बायांमधून हसू फुटलं, मग गड्यांमधून. गोरक्षनाथ मैदानातून निघून गेला. त्याच्या मागे तीस-चाळीस माणसं गेली, हेही लिहिते. सगळं गाव माझ्या बाजूला आलं असं तुम्ही कुणाला सांगू नका.

काल सकाळी झुंबरबाई हंडा घेऊन हापशावर गेली. मी शाळेच्या दारातून बघत होते. छबूबाई पाणी काढत होती. तिचा हंडा भरला तरी तिनं दांडा सोडला नाही. झुंबरबाईनं आपला हंडा खाली लावला आणि छबूबाई हापसत राहिली.

तुमचं म्हणणं मी मानलं नाही. ‘मग घरी ये’ मधला ‘मग’ मला नीट वाचता येतो. तरीही अठ्ठावीस तारखेला, रविवारी, पहिल्या गाडीनं मी येतेय. दार उघडायचं की नाही ते तुम्ही ठरवा. बरोबर वही आणतेय.

जयमाला


खडकमाळ
२९ जानेवारी १९९६

आप्पा,

काल काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे. पण प्रशांत मुंबईहून आल्यावर तुम्ही त्याला वेगळं सांगाल, म्हणून लिहून ठेवते.

दार आईनं उघडलं. तुम्ही पेपर वाचत होतात आणि पाऊण तास एकच पान वाचत होतात. आई स्वतःचंच नाव घेऊन म्हणाली, बनाबाईच्या नशिबी दोन मुके आले. तेव्हा तुम्ही तोंड उघडलंत. म्हणालात, कबूल कर. मी नाही म्हटलं. तुम्ही म्हणालात, मग त्या मठीवाल्यात आणि तुझ्यात फरक काय राहिला? मी म्हटलं, तो म्हणतो माझ्यावर विश्वास ठेवा. मी म्हणते ठेवू नका, वही बघा.

आणि मी वही तुमच्या पेपरावर ठेवली.

जेवण झालं, आई झोपून उठली, चहा झाला, तुम्ही वाचतच होतात. एकशे बेचाळीस नोंदी. वर्कशॉपमध्ये माल तपासायचात तशी एकेका ओळीखाली पट्टी धरून. अमावस्या होऊन गेली, झुंबरबाई तिच्याच घरात आहे, मठीत अजून गुरुवारी माणसं जातात, हे सगळं मी आईला सांगत होते. तुम्ही ऐकत नाही असं दाखवत होतात.

चार वाजता तुम्ही मला हाक मारलीत. एकसष्ट नंबरची नोंद चुकलीय, म्हणालात. मी बघितलं. दोन डिसेंबर, रात्री पावणेदहा, डोक्यावरून दक्षिणेकडे, लुकलुक नाही, दोन मिनिटं. शेवटच्या रकान्यात ‘उपग्रह’.

तुम्ही म्हणालात, “सूर्य मावळून पावणेचार तास झाले होते. तुझा उपग्रह तेव्हा सावलीत असायला हवा. तूच पत्रात लिहिलंस. मग ह्याच्यावर ऊन कुठलं?”

सवयीनं लिहून गेले होते. चूक, साफ चूक, आणि आकाशनिरीक्षण मंडळाच्या लोकांनाही ती दिसली नसती, कारण त्यांना वही दाखवायची माझी हिंमत झाली नव्हती.

विमान असेल, असं तुम्ही म्हणालात. मी म्हटलं, विमान असेल तर लुकलुक हवी. दिवे बंद असतील, तुम्ही म्हणालात. मी म्हटलं, असतील, पण आवाजाचा रकाना बघा. रिकामा होता. तो मी भरलाच नव्हता. तुम्ही त्याबद्दलही मला बोललात आणि ते बोलणं मी खाली मान घालून ऐकलं.

मग तुम्ही पेन काढलंत. टोपण उघडलंत. आई दारात उभी होती, तिनं विचारलं की काय लिहिताय, तर तुम्ही तिला थांब म्हणालात. तुम्ही ‘उपग्रह’ हा शब्द पट्टी लावून खोडलात आणि वर तुमच्या उभ्या अक्षरात लिहिलंत, ‘माहीत नाही’.

स्टँडवर मला सोडायला आलात तेव्हाही तुम्ही म्हणत होतात की माझा सोळा तारखेचा दिवा लष्कराचाच असणार. म्हणा. मी ऐकून घेईन आणि मान्य करणार नाही.

पण आता त्या रकान्यात ‘माहीत नाही’ अशा दोन नोंदी आहेत, आप्पा. एक माझी आणि एक तुमची. यापुढे माझ्यावर राग धरायचा असेल तर निम्मा स्वतःवर धरा.

जयमाला